माझं गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलं

त्या दिवसांत मी देवापुढे बसायचे, पण हात जोडले की डोक्यात मोबाइलची रिंग वाजायची. खरी नाही, मनातली. कुठून तरी फोन येईल, कुणीतरी ‘उद्यापासून या’ म्हणेल, असं सारखं वाटायचं. मग डोळे उघडून मी खरंच मोबाइल बघायचे. अशा माणसाची प्रार्थना देवाला पोचत असेल का, हा प्रश्न मला तेव्हा रोज पडायचा. आणि पोचत असली तरी उत्तर देण्याइतका वेळ देवाला असेल का, हाही. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण मी काही मोठी भक्त नाही. माझ्या बाबतीत जे झालं ते जसं झालं तसं सांगते.

आम्ही डोंबिवलीत राहतो. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचे. मी लहान असल्यापासून त्यांचं तेच काम. कंपनीने ते युनिट बंद केलं आणि बाबा घरी बसले. घरी बसले असं म्हणते, पण ते बसत नव्हते. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परत यायचे. आई डबा भरून द्यायची, मी बघायचे, आणि तिघंही त्याबद्दल काही बोलायचो नाही. दिवसभर ते एका गेटवरून दुसऱ्या गेटवर विचारत फिरायचे, हे आम्हाला माहीत होतं. त्यांच्या वयाच्या माणसाला कुणी आत घेत नव्हतं, हेही माहीत होतं. बाहेर मात्र कुणाला काही कळू द्यायचं नव्हतं. त्यातही गावच्या लोकांना तर अजिबातच नाही.

याला कारण होतं. आमच्या कोकणातल्या गावची बरीच माणसं कल्याण-डोंबिवलीकडे आहेत. त्यांच्यात बाबा म्हणजे ‘भाऊ’. गावाहून पोरगा आला की त्याचे आईवडील आधी बाबांना फोन करायचे. “भाऊ, पोराचा खंय तरी बघा.” आणि बाबा बघायचे. कितीतरी जणांना त्यांनी कुठे ना कुठे चिकटवून दिलं होतं. त्या भाऊंनाच आता कुणाकडे तरी शब्द टाकायचा होता आणि तो त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बाबांना न सांगता मी नोकरी शोधायला सुरुवात केली. लेक्चर आहे असं सांगायचं आणि ठाण्याला जायचं. एकदा एका ऑफिसच्या बाहेर जिन्यावरच रांग होती. माझ्या पुढचा मुलगा इंजिनीअर झालेला, मागची ताई एमबीए. काम काय, तर कॉम्प्युटरवर नावं-पत्ते भरायचे. ताई मला म्हणाली, “तू अजून शिकतेयस ना? मग इथे कशाला मरायला आलीस?” ती चिडून नव्हती बोलली, हसतच बोलली. पण मला दिवसभर ते टोचत राहिलं. प्रत्येक ठिकाणी ‘नंतर कळवतो’ म्हणायचे आणि नंतर कुणी कळवायचं नाही. घरी आले की मी देव्हाऱ्यासमोर बसून मनातल्या मनात एकच वाक्य म्हणायचे, मला काम मिळू दे. ओठसुद्धा हलू द्यायचे नाही. आईने ऐकलं तर?

शेवटी ठाण्याच्या एका कॉल सेंटरने हो म्हटलं. पण अट होती. दिवसभराची ड्यूटी, परीक्षेला सुट्टी नाही, सोमवारी होकार द्यायचा. म्हणजे कॉलेज सोडायचं. मी आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने हातातलं देठ तोडलं. मग म्हणाली, “रविवारी शहाडला देवीचा वाढदिवस आहे. तिथे ये. देवीला सांग, आणि मग काय ते ठरव. तोवर बाबांना बोलू नकोस.”

शहाडला नदीकडे जाणाऱ्या एका गल्लीत आमच्या गावकऱ्यांनी गावच्या सातेरी देवीचं छोटं देऊळ बांधलंय. गावाला वरचेवर जाणं होत नाही म्हणून. दरवर्षी स्थापनेच्या दिवशी सगळे जमतात, पूजा होते, जेवण होतं आणि शेवटी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे गावातला एक जाणता माणूस देवीसमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. देवी असली तरी महाराजाच. लहानपणी आम्हा पोरांना याचं फार हसू यायचं. त्या वेळी आम्ही बाहेर पळत असायचो, त्यामुळे नीट ऐकलेलं असं मी कधीच नव्हतं.

आमच्यात गाऱ्हाणं तात्या घालतात. कारखान्यातून रिटायर झालेले, आवाज अजून भोंग्यासारखा. मी देवळाच्या एका कोपऱ्यात बसलेले बघून ते जवळ आले.

“काय गो, त्वांड असा कित्याक करून बसलंस?”

मी म्हटलं, “तात्या, देवीला काहीतरी सांगायचंय.”

“मगे माका सांग. मी सांगतंय तिका.”

शंकराच्या देवळात लोक नंदीच्या कानात आपली इच्छा सांगतात ना, तसंच हे असणार, असं मला वाटलं. आपण तात्यांच्या कानात सांगायचं, ते देवीच्या कानात सांगणार. म्हणून मी त्यांना हळूच सगळं सांगितलं. बाबांची कंपनी बंद झालीय, मला ठाण्याला काम मिळतंय, कॉलेज सोडावं लागेल, देवीने माझ्या नोकरीला हो म्हणावं. आणि वर म्हटलं, “कुणाला कळता कामा नये हां, तात्या.” तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेले. मला हलकं वाटलं. देवीपर्यंत गोष्ट पोचवायची सोय झाली, असं वाटलं.

तेवढ्यात आई आली. “बाबा कुठे गेले गं? बघ जरा.” जेवणाच्या पंगतीत कुणीतरी बाबांना सहज विचारलं होतं, “काय भाऊ, कंपनी काय म्हणता?” बाबा ‘बरं चाललंय’ म्हणून उठले आणि बाहेर गेले, ते दिसतच नव्हते. मी देवळाबाहेर आले. चपलांचा ढीग, मांडववाल्याचा टेम्पो, उष्ट्या पत्रावळींच्या मागे लागलेली कुत्री. बाबा गल्लीच्या टोकाला नदीकडे तोंड करून उभे होते. मला एकदम भीती वाटली. कसली ते नीट सांगता येणार नाही. मी हाक मारली तर त्यांनी वळून पाहिलं, पण पाय हलले नाहीत. मी काय बोलणार होते? माझ्याकडेही एक गोष्ट लपवलेली होतीच. मग देवळातली घंटा वाजायला लागली, गाऱ्हाण्याची. गाऱ्हाण्याला गावातलं प्रत्येक घर हजर लागतं. ती घंटा ऐकून बाबा निघाले.

देवळाच्या दारात एक अनोळखी माणूस वैतागून चपला शोधत होता. गावातल्या एका ताईचा नवरा, म्हणजे गावचा जावई, पहिल्यांदाच आलेला. रिक्षा बोलावून ठेवलेली आणि चपला गायब. “आत्ता इथेच काढल्या होत्या हो!” असं तो ज्याला त्याला सांगत होता. बाबा दाराशी आले तशी त्याची नजर त्यांच्या पायांकडे गेली. बाबांनीही खाली बघितलं. पंगतीतून उठून घाईघाईत बाहेर पडताना त्यांनी याच्याच चपला घातल्या होत्या. आपल्या पायात दुसऱ्याच्या चपला आहेत हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. ते काढायला वाकणार, तो काही बोलणार, इतक्यात आतून तात्यांचा आवाज सुरू झाला. गाऱ्हाणं चालू झालं की मध्ये कुणी हलत नाही. दोघंही तसेच दारात उभे राहिले.

“बा देवी सातेरी, माये! आज तुझ्या लेकरांनी तुझो वाढदिवस केल्यानी आसा, तो गोड मानून घे, गे माये!”

“व्हय महाराजा!”

गावासाठी मागून झालं, आजारी माणसांसाठी झालं, लग्नाच्या पोरींसाठी झालं. मी हात जोडून उभी होते. माझं कानात सांगितलेलं तात्या केव्हा सांगणार, याची वाट बघत होते. आणि मग त्याच भोंग्याच्या आवाजात तात्या म्हणाले,

“आणि ह्यो आमचो भाऊ! सगळ्यांच्या पोरांक कामाक लावणारो. आज त्येचीच कंपनी बंद पडली आसा. घराक सांगूची लाज, दाराक सांगूची लाज. त्येचा चेडू कॉलेज सोडून नोकरेक जाऊक निघाला. ता तुका बरा दिसता काय, गे माये? बापाशीच्या हाताक काम दी आणि चेडवाच्या हातात पुस्तक रवांदे, गे माये!”

‘व्हय महाराजा’ आलं नाही. कुणाच्याच तोंडून आलं नाही. पंख्याची घरघर ऐकू येत होती. सगळ्या माना दाराकडे वळल्या, मग माझ्याकडे. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. जमीन दुभंगावी वगैरे लोक म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं. बाबांची गोष्ट मी उघडी केली होती, आणि माझी गोष्ट बाबांना पहिल्यांदाच कळत होती, तीही सगळ्या गावासमोर. आई पदर तोंडाला लावून उभी होती. तात्या मात्र देवीकडे तोंड करून तसेच थांबले होते. त्यांना काही घाई नव्हती.

आणि दारातून एकच आवाज आला. “व्हय महाराजा.”

तो बाबांचा होता. मोठा नव्हता, फाटलेला होता. पण तो आला, आणि त्याच्या मागून सगळं देऊळ म्हणालं, “व्हय महाराजा!” इतक्या जोरात मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. मी रडत होते आणि मीही म्हटलं. खरं तर माझी मागणी तात्यांनी मागितलीच नव्हती. मी नोकरी मागायला सांगितली, त्यांनी पुस्तक मागितलं. पण ते शब्द कानावर पडले तेव्हा कळलं, की हेच मला हवं होतं आणि एवढं मागायचं मला धाडस नव्हतं.

त्यानंतर बाबा आधी खाली बसले आणि चपला काढून त्या जावयासमोर ठेवल्या. “माफ करा हां, माझं लक्ष नव्हतं.” तो माणूस चपला घालायचं विसरून बाबांकडे बघत होता. कल्याणला औषधांच्या एका होलसेल गोडाऊनचं काम तो बघतो, हे आम्हाला नंतर कळलं. तो म्हणाला, “तुम्ही स्टोअरला होतात का?”

“आयुष्यभर तेच केलं.”

“आमचा स्टोअरचा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही. मी नक्की काही सांगू शकत नाही, शेठ ठरवतील. पण उद्या येऊन भेटाल का?”

मागून एक काकी म्हणाली, “जावईबापू, रिक्षा गेली तुमची.” आणि त्यांची बायको हसत म्हणाली, “जाऊंदे. चपला मिळाल्या असत्या तर हे गाऱ्हाण्याला थांबलेच नसते. कधी थांबतात?” सगळे हसले. बाबाही हसले. किती दिवसांनी, ते मला आठवेना.

घरी येताना मला बोलणी बसतील असं वाटत होतं. रिक्षात मी त्यांना ठाण्याच्या कामाचं आणि सोमवारच्या होकाराचं सगळं सांगून टाकलं. बाबा रस्त्याकडे बघतच म्हणाले, “उद्या त्या ठाण्यावाल्यांना नाही म्हणून सांग.” मी म्हटलं, “पण बाबा, उद्या तुमचं नाही जमलं तर?” ते म्हणाले, “तर आता सगळ्यांना माहीत आहे. विचारता तरी येईल.” एवढंच. मी सोमवारी नाही म्हटलं. तेव्हा बाबांचं काहीच ठरलेलं नव्हतं.

बाबांना ते काम मिळालं. पूर्वीसारखं नाही, पगार कमी आहे आणि उभं राहून पाय सुजतात. पण संध्याकाळी डबा घासायला टाकताना ते गोडाऊनमधल्या गोष्टी सांगतात. हे देवीने केलं की तात्यांनी, की चुकून घातलेल्या चपलांनी, हे मला ठरवता येत नाही. मी ठरवायचा प्रयत्नही सोडून दिला आहे. मला एवढंच वाटतं की आम्ही तिघंही आपापलं दुःख मुठीत आवळून देवीसमोर हात जोडत होतो. मूठ उघडल्याशिवाय त्या हातात काही पडणार कसं? माझी मूठ मी उघडलीही नव्हती, माझ्या अज्ञानाने ती उघडली गेली. त्यालाच कृपा म्हणत असतील तर तिचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत.

माझी परीक्षा झाली. आता मी पुन्हा अर्ज करते आहे, पुन्हा जिन्यांवर उभी राहते आहे, ‘नंतर कळवतो’ ऐकते आहे. अस्वस्थता गेली असं खोटं लिहिणार नाही. रात्री झोप लागत नाही असंही होतं. पण कुणी विचारलं तर मी सांगते, काम शोधतेय. आणि सकाळी देव्हाऱ्यासमोर बसले की आता ओठ मिटून मागत नाही, मोठ्याने मागते, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. “आई सातेरी, मला काम मिळू दे.”

दारात चपला घालत असलेले बाबा, डबा खांद्याला लावता लावता, तिथूनच म्हणतात, “व्हय महाराजा.”