क्लॅरी आणि नोरीन, चॅनल अठरा

माझी नणंद ग्लेनिस हिला गाडी लागते. मुलीला भेटायला ब्रिस्बेनला जायचं म्हटलं की ती आल्याच्या गोळ्या चघळत, खिडकीची काच खाली करून बसते आणि गिम्पी येईपर्यंत तिचा चेहरा कोबीसारखा हिरवट पडतो. हीच बाई पंधराएक वर्षं चिल्डर्सच्या बाहेर, हायवेच्या कडेला, लोकांची जुनी मोटरहोम विकते आहे. चाकांवरच्या घरात ती स्वतः एक रात्रही झोपलेली नाही. मी एकदा हे तिला तोंडावर म्हटलं, तर म्हणाली, "अगं मर्ना, चपला विकणाऱ्याला काय शंभर पाय असतात?"

तिच्याशी बोलायचं म्हणजे असं आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ऐकून घेते आहे, आणि माझ्या नवऱ्याला त्यात गंमत वाटते.

यार्डातली एकही गाडी तिची नसते. लोक आपली गाडी आणून ठेवतात, ग्लेनिस ती दाखवते, गिऱ्हाईक आणते, विकली गेली की तिची दलाली. नाही विकली तर मालकाची गाडी मालकाला परत. मी त्या आतून साफ करते. ओव्हनमागची चरबी, गादीखालची वाळू, फ्रीजमधला कसला तरी वास, हे माझं राज्य. माणसं कशी होती ते मला त्यांच्या ओव्हनवरून कळतं, आणि बहुतेकांबद्दल माझं मत फार चांगलं नाही.

आमच्याकडची जोडपी निवृत्त झाली की घर भाड्याने देतात आणि थंडीत ऊन शोधत उबदार उत्तरेला निघतात. निघताना गाडीच्या मागच्या बाजूला दोघांची नावं चिकटवतात, आणि खाली गाडीतल्या बोलायच्या रेडिओच्या चॅनलचा आकडा. मागून येणाऱ्याने नाव वाचावं, त्या चॅनलवर हाक मारावी, पुढे गुरं रस्त्यात आहेत का विचारावं, आणि मग संध्याकाळी एकाच मैदानात उतरून एकमेकांची बिअर प्यावी. अशी ओळख झालेली माणसं सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त चौकशा करतात.

ग्लेनिसचा नियम एकच. गाडी रांगेत लागण्याआधी मालकाने ती नावं स्वतःच्या हाताने खरवडायची. आधी चहा आणि लॅमिंग्टन केक. मग ती केस वाळवायचा ड्रायर घेऊन अक्षरं गरम करते आणि मालकाच्या हातात प्लास्टिकचं उलथनं देते. मी म्हणाले होते, अगं, हे काम मी दोन मिनिटांत करते, लोकांना कशाला रडवतेस? तर म्हणाली, "ज्याला नाव खरवडता येत नाही तो विकायला आलेला नसतो, तो फक्त गाडी उभी करायला आलेला असतो." एका माणसाने पहिलं अक्षर निघताच उलथनं खाली ठेवलं, चहाबद्दल आभार मानले आणि गाडी घेऊन घरी गेला. ग्लेनिसने त्याला हात हलवून निरोप दिला. मी त्या गाडीचा ओव्हन सकाळपासून घासत होते. मला दोघांचाही राग आला.

असा नियम, आणि तो तिने क्लॅरीसाठी मोडला.

क्लॅरी आणि नोरीन ही तिची पहिली गिऱ्हाइकं. यार्डात तेव्हा तीनच गाड्या होत्या आणि ऑफिस म्हणजे भाजी भरायची शेड होती. त्यांनी गाडी घेतली तेव्हा मागची अक्षरं ग्लेनिसनेच चिकटवली होती, आनंदात जरा तिरकी. त्याच गाडीतून ती दोघं पंधरा वर्षं फिरली. मग नोरीनचं कमरेचं ऑपरेशन झालं. दाराची पायरी तिला चढवेना. ती म्हणाली, आता पुरे. समुद्राकाठी बारगाराला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत तिने एक छोटं घर पसंत केलं. दाराला उंबरासुद्धा नाही, अंगणातून सरळ आत. ऑफिसवाल्यांनी ते नाताळपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं. गाडी विकली गेली की घर तिचं. तोवर दोघं लेकीकडे, कपडे धुवायच्या मशीनशेजारच्या खोलीत.

क्लॅरी गाडी घेऊन आला, चहा प्यायला, दोन लॅमिंग्टन खाल्ले आणि ड्रायर बघून म्हणाला, "उद्या करू."

"उद्या करू," ग्लेनिसही म्हणाली आणि ड्रायर कपाटात ठेवला.

"नियम सगळ्या जगाला," मी म्हणाले, "आणि लाडक्याला सूट?"

"तू तुझा ओव्हन घास."

दुसऱ्या दिवशी क्लॅरी आला, पण नावं खरवडायला नाही. बॅटरी बघायला. मग रोज येऊ लागला. टायरची हवा, गॅसची नळी, काहीतरी निमित्त. टोपी डोळ्यांवर ओढून गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचा, आणि गिऱ्हाईक आलं की आपणहून उठायचा.

"हा कोपरा बघा," तो सांगायचा. "पाऊस तिरका आला की इथून टपकतं. गादीवर नाही, बरोबर उशीवर. आणि चढावर दुसऱ्या गिअरला ती कण्हते. सांगितलेलं बरं."

गिऱ्हाईक त्याचे आभार मानायचं. असा सरळ माणूस बघून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मग क्लॅरी त्यांना शेजारच्या गाडीकडे न्यायचा आणि म्हणायचा, ही बघा, हिचं छत कोरडं ठणठणीत. नाताळाआधीच्या त्या महिन्यांत आमच्या जितक्या गाड्या विकल्या गेल्या तितक्या कधी गेल्या नव्हत्या. फक्त एक सोडून. मला वाटलं ग्लेनिस मनातून खूश असेल. दलाली तर येत होती.

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. मी तिथेच फडकी वाळत घालत होते. नोरीन होती. ग्लेनिस बराच वेळ नुसती ऐकत होती. फोन ठेवला तरी ती तिथेच उभी.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, आमची गाडी इतकी वाईट आहे का गं? लोक येतात, बघतात आणि जातात, असं क्लॅरी सांगतो म्हणे." ग्लेनिस खुर्चीत बसली. "त्या मशीनचा आवाज येत होता मागे. त्या खोलीत ती धड झोपत नाहीये, मर्ना. आणि मी इथे दलाल्या खाते आहे."

"मग सांगायचं ना तिला, तुझा नवराच मोडता घालतो म्हणून."

"मी नवरा-बायकोत चहाडी करत नाही. तो माझा धंदा नाही."

शनिवारी सकाळी ती स्वतःच्या छोट्या गाडीने नोरीनला घेऊन आली. उतरली तेव्हा चेहरा कोबीसारखा होताच. नोरीनला तिने क्लॅरीच्या गाडीमागे आंब्याखाली खुर्ची दिली, चहा दिला, आणि "जरा बस, मी आलेच" म्हणून ऑफिसात गेली. क्लॅरी तेव्हा गाडीत आत होता, मेले आणि जॅरड या जोडप्याला गाडी दाखवत. दोघंही शाळेत शिकवायची, एक वर्ष सुट्टी काढून निघणार होती. मेले मूळची टोंगा बेटांवरची, धिप्पाड आणि हसरी, आणि गाडीत शिरल्या शिरल्या तिने विचारलं होतं की या ओव्हनमध्ये अख्खं डुकराचं पिल्लू मावेल का. मला ती लगेच आवडली.

मागची खिडकी उघडी होती. क्लॅरीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "हा कोपरा बघा. पाऊस तिरका आला की..."

मी फडकं हातात घेऊन तिथेच उभी राहिले. नोरीनने कप खाली ठेवला. उशीपर्यंत ऐकलं, दुसऱ्या गिअरपर्यंत ऐकलं, शेजारच्या गाडीचं कौतुकही ऐकलं. रागावली असं वाटलं नाही. दमल्यासारखी वाटली.

"मर्ना," ती म्हणाली, "तुमचा तो ड्रायर आण."

मी ऑफिसात गेले तर ग्लेनिसने तो कपाटातून काढून टेबलावर ठेवलेलाच होता, वायरसकट.

ड्रायर मी धरला. उलथनं नोरीनने घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात उलथनं. पंधरा वर्षांच्या उन्हाने अक्षरं पत्र्याला घट्ट धरलेली, तुकड्यांनी निघत होती. आवाज ऐकून क्लॅरी बाहेर आला, मागोमाग ती दोघं.

"नोरीन? तू इथे काय करतेस?"

"माझं नाव काढते आहे."

तिने क्लॅरीच्या नावाला हातही लावला नव्हता. फक्त स्वतःचं.

"तुला अजून जायचंय ना? जा," ती म्हणाली. "माझी काही तक्रार नाही. पण हे नाव असं राहिलं तर लोकांना वाटेल मी आत आहे. मी आत नाहीये, क्लॅरी. मी उतरले. कधीचीच."

मेलेने नवऱ्याचा दंड धरून त्याला शेजारच्या गाडीची चाकं दाखवायला नेलं. शहाणी पोर.

क्लॅरी पत्र्याकडे बघत राहिला. त्याचं नाव, मग "आणि", मग नुसता पत्रा, मग चॅनल अठरा. त्याने टोपी काढली. इतक्या महिन्यांत मी त्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं, पार टक्कल.

"तू आत नसशील," तो म्हणाला, "तर मी चॅनलवर बोलू कोणाशी? ट्रकवाल्यांशी?"

"ते तुझं तू बघ."

त्याने तिच्या हातातलं उलथनं घेतलं. "सरक. तू पत्र्याला ओरखडे पाडतेस." आणि उरलेली अक्षरं त्याने काढली, सावकाश, एकेक, शेवटचा आकडासुद्धा. माझा हात ड्रायरने भाजत होता आणि डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते काही भाजल्याचं नव्हतं, हे मी कबूल करते.

मग तो मेले आणि जॅरडकडे गेला. "छत गळतं म्हणालो ते खरं आहे," तो म्हणाला. "पण त्याची रबरी पट्टी मिळते. माझ्याकडे पडून आहे, आजच बसवून देतो. आणि चढावर आधीच गिअर बदलला तर ती मुळीच कण्हत नाही." इतके दिवस त्याने लोकांना खरंच सांगितलं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं ऐकून त्यांनी दुपारपर्यंत गाडी घेतली.

अक्षरं निघाली तरी त्यांच्याखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो. फिकट पत्र्यावर तीच नावं, तोच आकडा जरा गडद दिसत राहतात. ती घासून काढणं माझं काम. मी पॉलिश घेऊन निघाले तर ग्लेनिस म्हणाली, "मेलेला विचार." मेले म्हणाली, "राहू देत की. मागे आहे, मला कुठे दिसणार?" मी आनंदाने डबा बंद केला.

नाताळाआधी नोरीन बारगाराला राहायला गेली. उंबरा नसलेल्या दारातून, काठी टेकत, सरळ आत.

जूनमध्ये थंडी आली, ऊस तोडणीला लागला, आणि एका सकाळी पार उत्तरेकडच्या करुंबाहून मेलेचा फोन आला. मीच घेतला.

"त्या मागच्या नावांबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली. झालं, मला वाटलं, आता घासायला लावणार. मी ग्लेनिसच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली.

"अहो, वाटेत भेटेल तो आम्हाला ओळखतो. चॅनल अठरावर हाका मारतात. काल एका म्हाताऱ्याने मासळी आणून दिली. आणि सगळे विचारतात, नोरीनची कंबर कशी आहे. आम्ही काय सांगायचं? रोज रोज माहीत नाही म्हणायला लाज वाटते."

मी ग्लेनिसकडे फोन दिला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "दुपारी फोन कर. विचारून सांगते."

"फोन करून विचार ना नोरीनला," मी म्हणाले.

"असं फोनवर विचारतात का? चल." तिने ड्रॉवरमधून आल्याच्या गोळ्या काढल्या.

बारगारापर्यंत तिने मला दोनदा गाडी थांबवायला लावली. नोरीन दारातच होती, काठीशिवाय, कुंडीला पाणी घालत. ग्लेनिसने निरोप सांगितला. नोरीन हसत सुटली, मग तिने झारी खाली ठेवली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "कंबर बरी आहे. घराला पायरी नाही. आणि मासळी तळायच्या आधी नीट पुसून घ्या म्हणावं, गाडीतल्या त्या तव्याला चिकटते."

क्लॅरी आतून चहा घेऊन आला. त्याने सगळं ऐकलं होतं. कप ग्लेनिसच्या हातात दिला, तिचा हिरवा चेहरा बघून साखर जास्त घातली होती.

"माझंही सांग," तो म्हणाला. "क्लॅरीही उतरला म्हणावं. नाहीतर लोकांना वाटेल, मी अजून आत आहे."