ॲसिडिटीची गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगावं असा माणूस एकच होता, सुदाम – आणि खोटं बोललो तेही त्याच्याशीच.

सुदाम दिंडोरीचा. द्राक्षबागांत फवारणीची कामं करतो. दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या बसने नाशिकला माझ्या खोलीवर यायचा. पाच वर्षं असं चाललं – मित्र म्हणा, जोडीदार म्हणा, आम्ही नाव कधी दिलं नाही. अधूनमधून त्याचं दुसरीकडेही जाणं व्हायचं. ते त्यानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. त्याच्या पोटात काही राहतच नाही. मी मात्र त्याला सांगितलं होतं, माझं तुझ्याशिवाय कुणी नाही. बरं वाटतं ना असं ऐकवायला?

कुणी नाही कसं! होते की. म्हणून तर मी रोज प्रेपची गोळी घेत होतो – एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची असते ती. खासगी डॉक्टरकडून, गुपचूप.

मुद्द्यापासून पळतोय का मी? पळतोयच.

एका रविवारी त्यानं पाहिलं. "कसली गोळी हाय रे ती?"

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला – तुला कशाला लागते? समजावायला वेळही लागला नसता. वेलीवर भुरीचा रोग यायच्या आधीच फवारा का मारायचा, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? पण माझं सोवळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, ॲसिडिटीची. तर म्हणतो, "मलाबी दे एक, लय जळजळतंय." मी उठलो आणि – याची लाज वाटते – खणातून खरोखरची ॲसिडिटीची गोळी काढून दिली. वर पाणीसुद्धा दिलं.

दीड वर्षानं त्याला एचआयव्ही निघाला. पहिला फोन मला. स्वतःचं राहिलं बाजूला, तू आधी तपासून घे, हेच चाललेलं. गेलो त्याच्यासोबत तपासणी केंद्रावर. माझा रिपोर्ट चांगला आला तेव्हा तिथल्या बाकावर बसून तो आनंदानं रडला.

औषधं चालू आहेत, तब्येत बरी आहे. तिथंच त्याला कळलं, की अशी आधी घ्यायची गोळी असते. आता आमच्यातल्या प्रत्येकाला गाठून सांगत असतो. मलाही सांगितलं – नीट, दोनदा.

"आपल्याला कुणी सांगितलंच नाय रे," म्हणाला. "तू तरी चालू कर."

मी म्हणालो, करतो.