शनिवार-रविवारची पदवी

"धाकट्याने दोनदा दूध घेतलंय. अंडं निम्मं पोटात, निम्मं भिंतीवर. शी झाली. शू एकदा जागेवर, एकदा चड्डीत. नाक वाहतंय, पण ताप नाही. थोरली गृहपाठ नाहीये म्हणेल. आहे. तिचं ऐकू नका."

एका पायात चप्पल, दुसरी पलंगाखाली शोधत सिस्टर हे सगळं एका दमात बोलून मोकळी झाली. धाकटा सासूबाईंच्या पायाला मिठी मारून उभा होता.

"झालं? आता सही कुठे करू?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, थट्टा नको. उशीर झालाय."

"अगं, पोरं आहेत ती, पेशंट नाहीत. जा तू. बघते मी."

वॉर्डात ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका खाटेचं सगळं सांगून जाते. त्याला ओव्हर देणं म्हणतात. रोज तेच करून तिच्या जिभेला वळण पडलं होतं. घरातून निघतानाही ओव्हर दिल्याशिवाय तिचा पाय उचलत नसे. जिन्यात, दुकानात, शाळेच्या फाटकापाशी सगळे तिला सिस्टरच म्हणत. चिडला की नवराही.

ती हाडांच्या वॉर्डात होती. डिप्लोमा करून लागली, लग्न झालं, दोन पोरं झाली, आणि नाइट ड्यूटी काही सुटली नाही. नाइट करून सकाळी घरी यायचं, की थोरलीच्या वेण्या. वेण्या घालताना तिचा डोळा लागायचा आणि थोरली ओरडायची, "आई, तीनच पेड आहेत, तू चार शोधतेयस!" पदवी असली की नर्सिंग कॉलेजात शिकवायला घेतात, आणि शिकवणाऱ्यांना नाइट नसते. तिला खुर्ची नको होती, मान नको होता. रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं होतं. बस.

वाटा दोन होत्या. एक पूर्णवेळ. दोन वर्षं रजा घेऊन रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत कॉलेज, की पदवी हातात. दुसरी वाट चार वर्षांची. आठवडाभर ड्यूटी करायची, नाइटसकट, आणि शनिवार-रविवारी वर्गात बसायचं. म्हणजे चार वर्षं सुट्टी हा शब्द विसरायचा.

"पूर्णवेळची एकच जागा आपल्या वाट्याला आलीय," मेट्रनबाईंनी तिला बोलावून सांगितलं. "मी तुझं नाव धरलंय. सोमवारी हो म्हण, नाहीतर दुसरी कोणीतरी वाट बघतेच आहे."

ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी तिची मैत्रीण उभी होती. चहाचा थर्मास कायम काखेत, म्हणून सगळा वॉर्ड तिलाच थर्मास म्हणायचा.

"विचार कसला करतेस?" थर्मासने झाकणात चहा ओतला. "दोन वर्षं म्हणजे एक प्लॅस्टर. घट्ट बांधायचं, खाजवायचं नाही, एक दिवस कापून काढायचं. आणि चार वर्षांत तुझी पोरं तुला ताई म्हणायला लागतील."

"आत्ताच धाकटा मला बाय-बाय म्हणतो. मी घरात आले की."

"बघ! घरी सासू आहे ना खणखणीत?"

"आहे."

"मग? माझी सासू असती तर मी डॉक्टर झाले असते."

घरीही तेच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल याचा नेम नाही, त्यामुळे जेवतानाही त्याचा फोन ताटाशेजारी.

"पूर्णवेळच घे," तो म्हणाला. "मी आहे ना."

फोन वाजला. तो तसाच हात धुऊन उठला.

"हा आहे," सासूबाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या. "बघितलंस ना, किती आहे ते? तू घे गं ती जागा. मी आहे. दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील."

तिने मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

शुक्रवारी दुपारच्या ड्यूटीला ती पोचली, तर थर्मास दारातच. "आजची तुझी मी करते, उद्याची माझी तू कर. नणंदेला बघायला येतायत, मी नसले तर नणंदच पळून जाईल." सिस्टर उलट पावली घरी निघाली. फुकटची दुपार! दोन्ही पोरांना कुशीत घेऊन लोळायचं, एवढा एकच बेत तिने वाटेत केला.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ढकललं. दोन बोटं उघडलं आणि मऊ काहीतरी आडवं आलं.

"आई, हळू!" फटीतून थोरलीचा डोळा दिसला. "आजी दार झालीये."

"काय?"

"रोज होते. आम्ही जेवलो की आजी इथे झोपते. मग बाहेर जायचं नसतं. धाकटा एकदा जिन्यापर्यंत गेला होता ना, म्हणून."

आत हालचाल झाली. सासूबाई धडपडत उठल्या, डाव्या हाताने भिंत धरून. दार उघडलं तेव्हा त्यांच्या गालावर पायपुसण्याची नक्षी उमटली होती.

"तू? आत्ता? बरं नाही का तुला?"

"आई, हे काय?"

"कुठे काय? जरा पाठ टेकली होती."

"दारात?"

सासूबाई स्वयंपाकघराकडे निघाल्या. ती मागोमाग गेली.

"आई, वरची कडी लावायची ना. त्याचा हात पोचत नाही तिथे."

"माझा तरी कुठे पोचतो."

त्या सहज बोलून गेल्या आणि लगेच गॅसचं बटण चोळत बसल्या. सिस्टर थांबली.

"हात वर करा," ती म्हणाली.

"चहा करते, थांब." त्यांनी डाव्या हाताने पातेलं गॅसवर ठेवलं.

"आई. उजवा हात. वर."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. चेहरा ताणला, दात आवळले गेले, हात काही वर जाईना. अशी माणसं ती रोज बघत होती. कोण केस विंचरताना मान वाकवतो, कोण शर्ट घालताना आधी दुखरा हात घालतो, हे तिला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. आणि घरात फळीवरचे सगळे डबे कधीतरी खाली ओट्यावर येऊन बसले होते. तिला वाटलं होतं, सासूबाईंनी मांडामांड बदलली.

"कधीपासून?"

"थंडीपासून असेल. रात्रीचं जास्त दुखतं, झोप लागत नाही. मग दुपारी डोळे आपोआप मिटतात. मी आवरायला बघते गं. नाही आवरत."

"आणि मला दोन वर्षांचं हो म्हणालात?"

सासूबाई स्टुलावर बसल्या. बाहेर धाकटा डबा वाजवत होता.

"तू पोरांना पाळणाघरात घातलं असतंस."

"मग? तुम्हाला आराम मिळाला असता."

"आरामाचं काय लोणचं घालू? सगळे आपापल्या कामाला गेलात की या भिंतींशी बोलू? मला वाटलं, होईल बरा हात. म्हटलं, दारात पडलं की झालं. बाहेर जायचं तर मला तुडवून जाईल, जागी होईनच की."

"आणि नाही झालात तर?"

चहा उतू गेला, दोघींनी बघितला, उठलं कोणीच नाही.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा सिस्टरने आरडाओरडा केला नाही. तेवढी शक्तीच नव्हती. ती फक्त म्हणाली, "शनिवार-रविवार तू घरी. चार वर्षं."

"अगं, लोक अडकतात त्याच दिवशी जास्त. पाहुणेरावळे, सामानसुमान..."

"जिने असतात प्रत्येक इमारतीत."

"लिफ्टमध्ये असताना माणूस जिन्याने कसा उतरेल?"

"ते तू साहेबांना विचार. शनिवार-रविवारी दुसरा कोणीतरी जाईल. धाकटा सकाळी पाळणाघरात, थोरली शाळेत, तेवढ्यात आई झोपतील. आईंचा हात उद्यापासून मी बघणार. आणि पूर्णवेळचं मी सोडतेय. रोज अंधार पडेपर्यंत दोन पोरं त्यांच्या एका हातावर नाही टाकायची."

नवऱ्याने आईकडे बघितलं. आई पोरीच्या वह्या उगाचच नीट लावत होती.

"साहेब ऐकेल असं नाही वाटत," तो म्हणाला.

"मग मी शिकत नाही. तसंही सांग. पण आजच सांग, मला सोमवारी बोलायचंय."

तो फोन घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत होता, आधी चढा, मग अजिजीचा. आत येऊन त्याने फोन पालथा ठेवला. "हो म्हणालाय. पण रोज रात्रीचे कॉल आता माझ्याकडे."

"चला," सिस्टर म्हणाली. "घरात नाइट करणारे दोघं झाले."

सोमवारी मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "चार वर्षं? अगं, तोवर चाळिशी येईल तुझी."

"ती नाही शिकले तरी येणारच आहे."

"आणि शनिवार-रविवार सोडायचं, तर आठवड्यातल्या जड ड्यूट्या तुझ्या. मग माझ्यापाशी रडायचं नाही."

"रडायला वेळ कुठे असतो मॅडम," ती म्हणाली. मेट्रनबाई हसल्या. ती काही विनोद करत नव्हती.

दुसरी जी वाट बघत होती, ती थर्मास निघाली. तिला सासू नव्हती, तसं मागे सांभाळायला मूलही नव्हतं. हॉस्पिटलच्या जिन्यात ती सिस्टरला भेटली. "तुझ्यामुळे मिळाली गं," एवढंच म्हणाली आणि चहा न देताच गेली.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाण्याचा तांब्या डाव्या हाताने पुढे केला.

"काय सांगितलंस?"

"चार वर्षांचं."

त्यांनी तांब्या परत घेतला. "माझ्यामुळे."

नाही हो आई, असं काय बोलता, वगैरे ओठापर्यंत आलं होतं. पण ती सकाळपासून उभी होती, आणि खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे. आणि मी बघितलं नाही त्यामुळे."

सासूबाईंनी मान हलवली. वाईट वाटलं की नाही, कळलं नाही.

"चार वर्षांनी धाकटा केवढा असेल गं?"

"दुसरीत."

"म्हणजे त्याची दुसरीची आणि तुझी पदवीची पुस्तकं एकदमच संपणार."

"त्याची संपली तर."

सिस्टर तिथेच फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावून. सासूबाईही तिच्याशेजारी टेकल्या, सावकाश, दुखरी बाजू सांभाळून. पोरं पलंगावर उड्या मारत होती. उठून त्यांना दटावायला हवं होतं.

"तू जा," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हीच जा."

दोघी बसूनच राहिल्या.