सतरा नंबरचा शिपाई

सांडोरच्या आल्बिना लोपीसला रंगाचं वेड बापाकडून आलं. बाप गावोगावच्या क्रुसांना आणि चर्चमधल्या मूर्तींना रंग द्यायचा आणि ही फ्रॉक घातलेली पोर त्याचे कुंचले धुवायची. पुढे लग्न झालं, मुलं झाली, वाडीतल्या केळींना पाणी शिंपण्यात वीस वर्षं गेली. मुलं हाताबाहेर, म्हणजे कॉलेजात गेली, तेव्हा आल्बिना आणि तिची नणंद रिटा वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला लागल्या. काम काय, तर अंगठ्याएवढ्या धातूच्या शिपायांना रंग द्यायचा.

"हे खेळणार कोण?" पहिल्याच दिवशी तिने मालकांना, दिनानाथशेठना विचारलं.

"परदेशातली मोठमोठी माणसं. टेबलावर डोंगर-नद्या मांडतात आणि लढाई खेळतात."

"आणि त्यांच्या बायका काही बोलत नाहीत?" रिटा म्हणाली, आणि बाराच्या बारा बायकांचे कुंचले हसण्याने थरथरले.

गाळ्यात रंग कालवून द्यायला एक रंगमास्तर असायचा. तो नेहमी मुंबईहून यायचा, नेहमी पुरुष असायचा आणि चार महिन्यांत हटकून पळून जायचा. त्याला वेगळं टेबल, वर पंखा, आणि तो बोलेल तो रंग. आल्बिनाला ते टेबल हवं होतं. रोजरीची जपमाळ म्हणताना शेवटच्या नमो मरियेनंतर ती ते हळूच मागून घ्यायची. इतक्या लहान गोष्टीसाठी देवाच्या आईला त्रास द्यावा का, असं तिला वाटायचं, पण मागायची.

२००२च्या नोव्हेंबरात शेवटचा मास्तर पळाला आणि त्याच आठवड्यात परदेशातून नव्या रंगांच्या बाटल्या आल्या. तोवर चमकीचे रंग म्हणजे सोनेरी आणि चंदेरी, एवढंच बायकांना ठाऊक. हे मात्र हिरवे, निळे, लाल, जांभळे, आणि सगळ्यांच्या पोटात धातूची चमक. झाकण काढलं की मोराची मान दिसायची. गिऱ्हाइकाला पाहायचं होतं की कोणत्या रंगावर कोणता रंग कसा उठतो.

"ज्याचा नमुना पास, तो रंगमास्तर," दिनानाथशेठ वैतागून म्हणाले.

"'ती' असली तर?" आल्बिनाने विचारलं.

"ती तर ती!"

मग पंधरा दिवस गाळ्यात नुसता धुमाकूळ. आधी आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यांवर रंग, मग शिपायांवर, मग जेवणाच्या सुट्टीत रिटाच्या वीसही नखांवर. आल्बिना चंदेरीवर हिरवा देई, काळ्यावर निळा, पांढऱ्यावर जांभळा. एक हात, दोन हात, तीन हात. जसं सुचेल तसं. साठ नमुने झाले, प्रत्येकाची जोडी. एक जायला, एक राहायला. राहणाऱ्याच्या तळव्याखाली ती पक्क्या काळ्या रंगाने नंबर आणि कृती बारीक अक्षरात लिहून ठेवी. जाणाऱ्यावर फक्त नंबर. वहीबिही नाही. वही हरवते, शिपाई कुठे जातोय?

साठ शिपाई कुरियरने गेले. दिनानाथशेठनी उरलेल्या साठांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आता हा पसारा आवरा, बाई."

आल्बिनाने आवरला. पिशवीत भरून घरी नेला, कारण आळीचा नाताळचा गोठा उभा राहत होता आणि बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाला फौज नव्हती.

गोठ्याचा कर्ताधर्ता फ्रेडरिक, शेजारचा. एरवी गरीब माणूस. पण डिसेंबरात त्याच्या अंगात इंजिनियर शिरायचा. त्याने आल्बिनाच्या अंगणात चिखलाचा डोंगर केला, डोंगरावर बिस्किटांच्या डब्याचा हेरोदचा महाल, आणि खाली गवताच्या छपरात मरिया, जोसेफ आणि बाळ येशू मध्यरात्री यायचा, तोवर रिकामी गव्हाण. महालाभोवती आणि उतारभर त्याने साठही शिपाई ओल्या चिखलात रोवले. चिखल वाळला. दिव्यांची माळ लागली आणि फौज अशी चमकली, की बघायला शेजारच्या आळीची माणसं खोटी कामं काढून येऊ लागली.

"या वर्षी गोठ्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर आपला," फ्रेडरिक म्हणाला.

चोवीस डिसेंबरला आल्बिना आणि रिटा सुट्टीवर, घरी होत्या. दुपारी दोनला, हात पिठात असताना, दारात स्कूटर थांबली. दिनानाथशेठ हेल्मेटसकट आत आले.

"बाई, पास झाला! सतरा नंबर! पाच हजार नगांची ऑर्डर!"

आल्बिनाने पिठाच्या हाताने क्रुसाची खूण केली. कपाळ पांढरं झालं.

"पण कोणत्या रंगावर कोणता, किती हात, ते आजच कळवायचंय. आपल्या साडेपाचला त्यांचं ऑफिस बंद होतं, ते थेट नव्या वर्षात उघडतं. आणि त्यांना थांबायचं नाही, दुसरीकडेही विचारलंय त्यांनी. कुठाय सतरा नंबर?"

आल्बिनाने अंगणाकडे बोट केलं.

शेठनी चपला काढल्या, गोठ्याला हात जोडले आणि मग डोंगराकडे पाहिलं. "यातला कुठला?"

"नंबर पायाखाली आहे."

"अरे देवा!"

"कुणीही हात लावायचा नाही!" फ्रेडरिक झाडणी घेऊन आडवा आला. "साडेतीनला फादर येतायत परीक्षकांना घेऊन. वर्षभर मी याची वाट बघतो."

"अरे, एकच शिपाई हवाय," आल्बिना म्हणाली.

"मग एकच काढ. एकाहून जास्त नाही."

साठांतला एक! आल्बिना डोंगरासमोर गुडघ्यांवर बसली. तिला मनातून एक ठाऊक होता: चंदेरीवर दोन हात हिरवा, खंड्या पक्ष्याच्या पाठीसारखा. परदेशातल्या माणसालाही डोळे असतीलच की. तिने मनात नमो मरिया म्हटली, त्याला अलगद उपटलं आणि तळवा पुसला.

एक्केचाळीस.

"झालं?" फ्रेडरिक म्हणाला.

"शेजारचाच असेल, वहिनी," असं म्हणत रिटाने शेजारचा उपटला. आठ नंबर.

"रिटा!"

"चुकून निघाला रे!"

दिनानाथशेठ खाली वाकून आल्बिनाच्या कानाशी आले. "बाई, तो हिरवा सुंदर आहे. त्याचीच कृती लिहून पाठवू. तिकडे कुणाला काय कळतंय?"

आल्बिनाने मान वळवली. "शेठ, कुणासमोर बसून बोलताय?"

शेठनी गव्हाणीकडे पाहिलं. गव्हाण अजून रिकामी होती, पण ते ओशाळले आणि तिसरा शिपाई उपटू लागले.

मग कुणी कुणाचं ऐकलं नाही. रिटाने चौथा काढला, आल्बिनाने पाचवा. फ्रेडरिक ओरडत होता, "अरे, निदान उजवीकडून काढा, डावी बाजू रस्त्यावरून दिसते!" आणि ओरडता ओरडता त्यानेही दोन काढले, कारण सतरा नंबर आहे तरी कुठे, हे बघितल्याशिवाय आता त्यालाही राहवेना. बघितलेला शिपाई परत उभा राहीना; वाळल्या चिखलात पाय रुतेना. तेव्हा प्रत्येकाला जागच्या जागी पालथा घालायचा, तळवे वर.

एकोणसाठ झाले. महालाच्या मागे, कुणाला दिसू नये अशा जागी फ्रेडरिकने एक लपवला होता. "तो घाण दिसत होता म्हणून," तो म्हणाला.

आल्बिनाने तो काढला. ना हिरवा, ना लाल, काहीतरी तपकिरी आणि मधूनच सोन्यासारखं चमकणारं. तळव्यावर तिचंच अक्षर: सतरा. चंदेरीवर हिरवा, ओला असतानाच लाल, एकेक हात.

"हा?" ती किंचाळली. "हा तर बिघडलाय! रिटाची नखं बघून हसत होते तेव्हा ओल्यावरच लाल लावला मी!"

"पास झालाय, बाई! बिघडलेलाच पास झालाय!" शेठनी खिशातून कागद काढून भराभर उतरवून घेतलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. फादर आणि दोघे परीक्षक आत आले. डोंगरभर हेरोदची झगझगीत फौज तोंडघशी पडलेली, आणि तिच्यामागे चिखलाने भरलेली चार माणसं. फ्रेडरिकने झाडणी पाठीमागे लपवली.

"फादर," तो म्हणाला, "फौज बाळ येशूला लोटांगण घालतेय."

फादरांनी डोंगर वरपासून खालपर्यंत पाहिला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि शेवटी ते चष्मा काढून डोळे पुसू लागले. "आणि तळव्यांवर नंबर कशाला, फ्रेडरिक?"

"स्वर्गात नोंद लागते ना, फादर!"

निकाल काय लागला ते ऐकायला आल्बिना थांबलीच नाही. ती शेठच्या स्कूटरवर मागे बसली होती, कपाळाला पीठ, मुठीत सतरा नंबर, आणि पुलावरून वारा असा येत होता की तिला उगीचच हसू फुटत होतं. पाच वाजता गाळ्यातून फॅक्स गेला. दहाच मिनिटांत फोन खणखणला. शेठ "येस, येस" करत उभेच राहिले. मग फोनवर हात ठेवून वळले.

"कृती पोचली. ऑर्डर पक्की. ते विचारतायत, या रंगाचं नाव काय? डब्यावर छापायचंय."

आल्बिनाने शिपाई खिडकीच्या उजेडात धरला. हिच्यायला, इतका वाईट नव्हता तो. उन्हात वाळलेला, मधासारखा पारदर्शक, कडेला जरा काळपट. तिच्या वाडीतली केळी ती दर उन्हाळ्यात सोलून अशीच सुकवायची आणि केळीच्या पानात बांधून विकायची.

"सुकेळी," ती म्हणाली.

"काय?"

"सुकेळी म्हणून सांगा. स्पेलिंग तुम्ही बघा."

शेठनी एकेक अक्षर फोडून फोनवर सांगितलं. पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं. शेठनी एकदा आल्बिनाकडे, एकदा पंख्याखालच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

"आमचा रंगमास्तर कोण, विचारतायत," ते म्हणाले, आणि फोनमध्ये तिचं नाव सांगू लागले. आल्बिना तोवर टेबलापाशी पोचली होती. पंखा जुना होता. तिने बटण दाबलं, तो कुरकुरला, मग फिरला, आणि ती त्याच्याखाली दोन्ही हात पसरून उभी राहिली.