एक बोट, दोन बोटं

आमच्या जोयडा तालुक्यात लांबोडक्या चेंडूपायी खुळा झालेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा धाकटा मामा निघावा! त्याने ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा विषय काढला की कुंभारवाड्याची माणसं बसचं निमित्त करून उठतात. आता आमच्याकडे बस येते तरी कितीदा! हा खेळ तो गोव्यात शिकला. हॉटेलात भांडी घासायला होता, तिथे उतरलेल्या ऑस्ट्रेलियन मंडळींना वाळूवर एक गडी कमी पडला. "पयल्यांदा चेंडू हातात आला नि चौघं अंगावर पडली. मला वाटलं, चोरीचा आळ आला का काय!" दोन हंगाम खेळला. खेळाडू म्हणून कारकीर्द एवढीच, पण सांगायला बसला की चार दिवस पुरते.

गावी आला तो चेंडू घेऊनच, आणि थेट कोच झाला. भात कापून झालं की घरच्या मोकळ्या शेतात गावातल्या पोरींचा सराव. शेत तीन टप्प्यांचं, मधे बांध. पोरी बांधावरून उड्या मारायला अशा सरावल्या, की बेळगावच्या सपाट मैदानावर नेल्या तेव्हा नसलेल्या बांधावरूनही उडत होत्या. लोक खोखो हसले. मामा म्हणाला, "हसू द्यात. उंच उडत्यात न्हवं?"

शेत मात्र थोरल्या मामाच्या ताब्यात, आणि त्याला तिथे सुपारी लावायची होती. गेल्या वर्षी त्याने बजावलं, "बेळगावात एक तरी गोल मारून दाखवा. न्हाई तर पावसाआधी खड्डे पाडनार." गोल म्हणजे सहा गुण. चेंडू चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांतून स्वच्छ जायला हवा. खांबाला चाटून गेला तर एकच गुण. सहाला पंच दोन बोटं दाखवतो, एकाला एक.

सामन्याला तो पंचच आला नाही. समोरच्या कोचने खुशाल मामालाच खांबांपाशी उभं केलं. हा माणूस खोटं करणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. अगदी शेवटी आमच्या शेवंतीने मारलेला चेंडू मधल्या खांबांतून आरपार गेला. आम्ही नाचायला लागलो, सामना बघायला आलेला थोरला मामासुद्धा उठून उभा राहिला. धाकट्याने मात्र एकच बोट पुढे केलं.

परतताना टेम्पोत मी भडकलोच. "दोन बोटं दाखवली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"शेवंतीला. खांबाला लागल्याचा आवाज तिनंबी ऐकला, नि माझ्याकडं बघितलं. तवा काय दोन बोटं उठत्यात व्हय?"

पावसाआधी खड्डे पडले. थोरल्याची पाठ धरली होती म्हणून धाकट्यानेच खणले. मला त्याच्याकडे बघवेना. आता रोपं गुडघ्याएवढी झालीत. दोघं भाऊ संध्याकाळी त्यांना पाणी घालतात आणि मधूनच थोरला विचारतो, "खरंच लागला हुता काय रं?"

"व्हय, अण्णा."

थोरला पुढच्या रोपाकडे वळतो, आणि आठवड्याभराने पुन्हा तेच विचारतो. एखाद्या दिवशी तरी हा "न्हाई" म्हणेल, अशी त्या बिचाऱ्याला आशा असावी.