दाऊदची मतदानाची रजा

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत पाच वर्षं काढली की माणसाकडे तीन गोष्टी आपोआप साठतात: खजूर, जुनी हेल्मेटं आणि किस्से. खजूर गावी वाटता येतात, हेल्मेटं स्टोअरला परत करता येतात, किस्से मात्र जाता जात नाहीत. आमच्या वर्कशॉपच्या टी-रूममधले बरेचसे किस्से मी फोनवर बायकोला सांगतो. दाऊदचे सांगत नाही. ती नाशिकला एकटी असते, उगाच घरभर दिवे लावून झोपेल!

*

आधी आमच्या बोर्डाबद्दल सांगतो. वर्कशॉपच्या दारात प्रत्येकाच्या नावाचा एक पत्र्याचा बिल्ला खिळ्याला टांगलेला असतो. हिरवी बाजू दिसली की माणूस प्लांटच्या आत, लाल दिसली की बाहेर किंवा रजेवर. आग लागली तर हिरवे बिल्ले मोजून माणसं शोधतात. म्हणून आपला बिल्ला आपणच उलटायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, असा कडक नियम.

दाऊद आमचा वेल्डर, दापोलीकडचा. माणूस अबोल, पण लोकसभेची निवडणूक लागली की अंगात यायचं. इथून मत देता येत नाही, गावच्या केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. म्हणून हा पठ्ठ्या दोन-दोन वर्षं रजा न घेता साठवायचा आणि मतदानाला घरी जायचा.

आमचा इजिप्शियन मॅनेजर एकदा वैतागला. म्हणाला, "मिस्टर दाऊद, एका बोटासाठी तीस दिवस?"

दाऊदने शांतपणे उत्तर दिलं, "साहेब, बोट माझं आहे, पण वाट माझी आई बघते."

त्याचं आणि आईचं ठरलेलं होतं. दोघांनी बरोबर जायचं, बरोबर शाई लावून घ्यायची. नवरा गेल्यापासून ती एकटी केंद्रावर गेली नव्हती. मॅनेजरने सही केली.

*

दोन वर्षांपूर्वी दाऊद गेला. जेवणाच्या सुट्टीत पाईप-रॅकच्या, पाईपांच्या त्या उंच मांडवाच्या, सावलीत टेकला आणि उठलाच नाही. घरच्यांच्या संमतीचं पत्र आलं आणि इथेच दफन झालं. इथल्या कबरींवर दगड असतो, नाव नसतं. मी मातीला गेलो होतो, पण आज मला ती जागा दाखवता येणार नाही.

आईला सांगायचं नाही, असं दाऊदच्या भावाने ठरवलं. तिचं काळीज कमजोर होतं. मग निभावून नेण्याचं काम पडलं इब्राहिमचाचांवर. चाचा आमचे फोरमन आणि दाऊदचे गावातले शेजारी. दर शुक्रवारी नमाजानंतर ते दाऊदच्या आईला, हलीमाखालाला, फोन लावायचे आणि थाप मारायचे, "दाऊदला तबूकच्या साईटवर टाकलंय, खाला. तिथे नेटवर्क नाय."

तीन-चार महिने हे सुरळीत चाललं. मग एका शुक्रवारी चाचा टी-रूममध्ये आले ते भिंत धरूनच.

"खाला म्हणते, काल दाऊदचा फोन आलेला."

धनंजय वाघ हसला. वाघ पुण्याचा, प्रोसेस इंजिनिअर. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच्या खिशात तयार असतं. तो म्हणाला, "म्हातारपण, चाचा! स्वप्न पडलं असेल. काय म्हणाला दाऊद?"

चाचा म्हणाले, "जागा अरुंद आहे म्हणाला. शेजारी चांगले आहेत, पण कोणी बोलत नाही."

वाघने चहा तसाच ठेवला आणि कामाला गेला.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फायर ड्रिल झालं. भोंगा वाजला, सगळे मैदानात जमलो. सेफ्टीवाल्याने माणसं मोजली, बिल्ले मोजले. एक माणूस कमी!

कोण कमी? तर दाऊद. गेला त्या दिवसापासून त्याचा बिल्ला हिरवाच होता. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही ना! आम्ही ओरडून सांगेपर्यंत नवीन आलेला नेपाळी रेस्क्यूवाला मास्क चढवून आत पळालासुद्धा.

दहा मिनिटांनी तो एकटाच परत आला. मास्क काढून म्हणाला, "आदमी ठीक है. पाईप-रॅक के नीचे बैठा है. बोला, पाँच मिनट में आता हूँ."

त्या नेपाळ्याने दाऊदला कधी पाहिलंही नव्हतं.

चाचा सरळ बोर्डाकडे गेले. नियम मोडून त्यांनी दाऊदचा बिल्ला लाल बाजूला उलटला आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "खलास, बाबा. तुला रजा दिली. जा आता."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण तेव्हापासून मी पाईप-रॅकखालून जात नाही, लांबून वळसा घालतो.

*

निवडणूक जाहीर झाली. वाघने मतदारयादी फोनवर उतरवून घेतली आणि टी-रूममध्ये मोठ्याने वाचायला बसला. वाचता वाचता तो एका ओळीवर थांबला.

वाघचं नाव कापलं होतं. शेरा होता, 'मयत'!

आम्ही पोट धरून हसलो. त्याने बायकोला फोन लावला तर ती म्हणाली, "तरीच वेळेवर उचलत नाहीस!"

मग चाचांनी भीत भीत आपल्या गावची यादी काढायला लावली. तिथे दाऊद होता. नाव, वडिलांचं नाव, वय, फोटो, सगळं जागच्या जागी. त्याच्या मृत्यूची नोंद गावात कोणी केलीच नव्हती, आईच्या कानावर जाईल म्हणून.

चाचा वाघकडे बघून म्हणाले, "एक गेलेला आत, एक असलेला बाहेर. यादीतली माणसं तेवढीच राहिली बघ."

वाघ त्या दिवशी पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "असली चेष्टा नको, चाचा."

*

पुढच्या शुक्रवारी खालाने फोनवर एकच प्रश्न विचारला. "इब्राहिम, दाऊद मतदानाला येतोय ना?"

आणि चाचांच्या तोंडून निघून गेलं, "येतोय, खाला. रजा मंजूर झालीय."

फोन ठेवला आणि चाचा ढसाढसा रडले. साठीचा माणूस, आमच्यासमोर. "मी काय बोलून बसलो रे! ती त्या दिवशी शाळेच्या दारात बसून राहील. तो आला नाय तर तिथेच जीव सोडेल."

शेवटी त्यांनीच निर्णय घेतला. स्वतः जायचं, मतदानाच्या सकाळी तिला गाठायचं आणि तिचा हात धरून खरं सांगायचं. ऐनवेळी तिकीट मिळालं ते असं की गावात पोचेपर्यंत मतदान सुरू झालेलं असणार होतं. निघताना त्यांनी स्वतःचा बिल्ला लाल केला. शेजारी दाऊदचा लालच होता, मी पाहिला होता. आम्हाला कोणालाच हसू येत नव्हतं. वाघ म्हणाला, "पोचल्या पोचल्या फोन करा."

*

मतदानाच्या दिवशी आमचे इथले साडेसात वाजले होते, गावाकडे दहा. पाळी नुकतीच सुरू झाली होती. चाचांचा फोन आला. वाघने स्पीकर लावला.

"शाळेत पोचलो," चाचा म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "खाला बाकावर बसलीय. बोटाला शाई आहे. मला बघून म्हणाली, उशीर केलास रे इब्राहिम, दाऊद आत्ताच गेला."

"गेला म्हणजे?" मी विचारलं.

"दोघं बरोबर आत गेली म्हणते. बरोबर शाई लावून घेतली. मी केंद्रावरच्या पोराला विचारलं, त्याच्या नावापुढे खूण आहे."

वाघ जवळजवळ ओरडला, "बोगस मतदान! कोणीतरी त्याच्या नावावर मत टाकलं, चाचा. दरवेळी होतं हे!"

"असेल," चाचा म्हणाले. "मी तिला खरं सांगायला आलो होतो. ती इतकी खूश आहे... मी काय सांगू तिला आता? घरी चल, चहा घे म्हणाली त्याला, तर थांबला नाय. म्हणाला, रजा संपली, ड्युटीवर हजर व्हायचंय."

मागे शाळेच्या आवारातली गडबड ऐकू येत होती.

"वाघ," ते म्हणाले, "जरा बोर्डाकडे बघ."

आम्ही दोघं दारात गेलो. चाचांचा बिल्ला लाल होता. दाऊदचा हिरवा होता.

"कोणीतरी मस्करी केलीय," वाघ म्हणाला आणि बिल्ला उलटायला त्याने बोट पुढे केलं. डावीकडची भिंत, म्हणून डावा हात. लगेच मागे घेतलं. बिल्ला ओला होता.

ही गोष्ट होऊन आता तीन आठवडे झाले. वाघने साबण लावून पाहिला, थिनर लावून पाहिला. त्याच्या बोटावरची शाई अजून गेलेली नाही.