पाठमोरे सर

आमच्या ओट्यावरून समोरच्या शाळेचा वर्ग दिसतो. परदेशी स्वस्त टॉवेल आले आणि आमच्या सोलापुरातला कारखाना बसला, तिथल्या कामगारांसाठी सरकारनं या वर्गात मोबाईल दुरुस्तीचं फुकट शिक्षण सुरू केलंय. शेजारचे नरसय्या पहिल्या बाकावर. सर फळ्याकडे वळून बोलू लागले की नरसय्या आपले कडेला वाकतात, सरांचं तोंड दिसावं म्हणून. कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, ओठ बघून बोलणं कळतं.

"सांगा की सरांना," मी म्हटलं.

"नको वहिनी, वर्गातून नाव काढून टाकतील. मागावर आम्ही सगळे असंच ओठ बघून बोलायचो. पण पाठ फिरवून कुणी बोलत नव्हतं!" हसले. "तुम्हीबी सांगू नका."

नाही सांगितलं. सर रोज माझ्याकडे पाणी प्यायला यायचे, तरी नाही. सरकारनं हत्यारं दिली, मास्तर भला दिला. बाबा रे, जरा इकडं तोंड करून शिकव, एवढंच म्हणायचं राहिलं, आणि ते माझ्याकडून राहिलं.

"डोक्यात शिरत नाही," म्हणून नरसय्यांनी काल वर्ग सोडला. सरांना ते खरं वाटलं. वाईट याचं, की आता नरसय्यांनाही तेच खरं वाटायला लागलंय.